तर्क लढवावा की अनुमान काढावे?

महाराष्ट्रातली शाळकरी मुले भूमितीच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या एकाच क्रमाने लिहीत आली आहेत : आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष म्हणजे दिलेली माहिती आणि साध्य म्हणजे सिद्ध करून दाखवायची गोष्ट, एवढेच त्यांना सांगितले जाते आणि परीक्षेपुरते ते पुरतेही. पण प्रमेय युक्लिडचे असले तरी हे दोन शब्द त्याच्याकडून आलेले नाहीत. ते आले आहेत वादसभेतून, जिथे समोरच्या पंडिताला आपले म्हणणे पटवून द्यावे लागे आणि पटले नाही तर भर सभेत हार पत्करावी लागे.

त्या वादसभेचे नियम गौतमाच्या न्यायसूत्रांत सापडतात. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आकाराला आलेला हा ग्रंथ सोळा विषयांची यादी देऊन सुरू होतो. प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव, तर्क, निर्णय, वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति, निग्रहस्थान. यादी वाचताना मराठी माणसाला फारसे अडखळायला होत नाही. सोळांपैकी दहा-बारा शब्द तो कुठे ना कुठे वापरतोच. गंमत अशी की, त्यांतले निम्मे तो भलत्याच अर्थाने वापरतो, आणि ते शब्द कसकसे सरकत गेले हे पाहिले की मराठी माणूस वाद कसा घालतो याचाही बराचसा उलगडा होतो.

न्यायशास्त्राचे ठरलेले उदाहरण डोंगरावरच्या आगीचे. म्हणणे पाच पायऱ्यांनी मांडायचे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच, आगीवाचून नसणारा धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. ॲरिस्टॉटलचे संवाक्य तीन वाक्यांत आटोपते. इथे पाच लागतात, कारण इथे समोर माणूस बसलेला आहे आणि त्याला ओळखीचे, डोळ्यांदेखतचे एक तरी उदाहरण दिल्याशिवाय पुढे जायची परवानगी नाही. यात डोंगर हा पक्ष, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचे ते ठिकाण. आग हे साध्य. धूर हा हेतू. भूमितीच्या पुस्तकाने साध्य जसेच्या तसे उचलले, पक्षाचा अर्थ मात्र थोडा हलवून ‘दिलेले’ असा केला. इतर शब्दांचे जे झाले त्या मानाने हे काहीच नव्हे.

प्रतिज्ञेचेच पाहा. न्यायात ती फक्त एक दावा असते, अजून सिद्ध न झालेला. आज प्रतिज्ञा म्हटले की पाठ्यपुस्तकाचे पहिले पान आठवते, नाही तर भीष्म. दावा खरा आहे की खोटा हा प्रश्नच तिथे उरत नाही. प्रश्न उरतो तो पाळण्याचा. ‘उदाहरण’ गणिताच्या तासाला जाऊन बसले आणि ‘उदाहरणे सोडवा’ या आज्ञेतले ओझे झाले. ‘उपाधी’ची कथा आणखी मजेशीर आहे. नैयायिकांच्या लेखी उपाधी म्हणजे नियमाला लागलेली छुपी अट. धूर असेल तिथे आग असते, पण आग असेल तिथे धूर असतोच असे नाही. लाकूड ओले असेल तरच धूर होतो. ते ओले लाकूड ही उपाधी. मराठीत मात्र ती एकतर नावापुढे लावायची पदवी झाली, नाही तर मागे लागलेली ब्याद.

सगळ्यांत दूरचा प्रवास हेतूने केला. शास्त्रात हेतू म्हणजे आधार, ज्याच्या बळावर म्हणणे उभे राहते ते. व्यवहारात हेतू म्हणजे मनातला इरादा. ‘यामागे तुमचा हेतू काय?’ असे न्यायपंडिताने विचारले तर त्याला पुरावा हवा असतो. वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्याने विचारले तर त्याला डाव उघडा पाडायचा असतो. मराठी वादविवाद पुष्कळदा नेमका याच खड्ड्यात पडतो. एखाद्याने धरणाबद्दल, शाळेबद्दल, आरक्षणाबद्दल काही म्हटले की ते कशाच्या आधारावर म्हटले हे बाजूला राहते आणि त्याचा बोलविता धनी कोण याची चौकशी सुरू होते. हेतू शब्दाने जुना अर्थ सोडला म्हणून असे होते, असे कोणी म्हणणार नाही. पण दोन्ही गोष्टींना एकच शब्द असल्यामुळे एकीवरून दुसरीवर घसरणे सोपे जाते, हे खरेच.

जुना अर्थ सुट्या शब्दातून गेला तरी समासात किंवा ठरीव वाक्प्रचारात तग धरून राहतो, असे मराठीत वारंवार दिसते. हेतू इराद्याकडे गेला, पण ‘हेत्वाभास’ अजून सदोष आधारालाच म्हणतात. युक्ती म्हणजे शक्कल झाली, पण वकील ‘युक्तिवाद’ करतो तेव्हा तो शक्कल लढवत नसतो, निदान तसे गृहीत धरलेले असते. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम वेगळा अर्थ लावणे. ‘नव’ घोंगडी अंगावर घेतलेल्या मुलाबद्दल कोणी बोलले, तर ‘याच्याजवळ नऊ कुठे आहेत, एकच तर आहे!’ असे म्हणून त्याला अडवणे, हे शास्त्रातले नेहमीचे उदाहरण. त्या छलाचा मराठीत छळ झाला आणि तो सासरी, तुरुंगात, कचेरीत होऊ लागला. ‘शब्दच्छल’ मात्र आपल्या जागी राहिला. आणि न्याय? तो कोर्टात मिळतो किंवा मिळत नाही. तरीही ‘त्याच न्यायाने पाहिले तर’ असे म्हणणारा माणूस नकळत दीड-दोन हजार वर्षे मागे जातो, कारण तिथे न्याय म्हणजे विचाराची रीत.

‘अनवस्था प्रसंग’ आणि ‘इष्टापत्ती’ हे तर थेट खंडनाच्या आखाड्यातले डावपेच आहेत. याला आधार ते, त्याला आधार आणखी तिसरे, तिसऱ्याला चौथे, असे कुठेच टेकू न लागणे ही अनवस्था; आणि प्रसंग म्हणजे समोरच्याच्या म्हणण्यातून त्याच्यावरच ओढवणारा नको असलेला परिणाम. मराठीत पैसा संपला, गाडी चुकली, पाहुणे दारात उभे राहिले की अनवस्था प्रसंग ओढवतो. इष्टापत्तीचा डाव असा : ‘तुमचे मानले तर अमुक मानावे लागेल’ असे म्हणून समोरच्याला कोंडीत धरायला जावे आणि त्याने शांतपणे ‘मग मानतोच की’ असे सांगावे. जी आपत्ती वाटली ती त्याला हवीच होती. पावसाने सामना रद्द झाला आणि हरत आलेल्या संघाला इष्टापत्ती वाटली, हे आजचे वाक्य त्यापासून फार दूर गेलेले नाही.

हे शब्द मराठीत पोथीतून झिरपत आले खरे. पण मराठी मुलखाचा न्यायशास्त्राशी संबंध फक्त घेण्यापुरता नव्हता. न्यायकौस्तुभाचा कर्ता महादेव पुणतामकर काशीत नावाजला, पण त्याचे आडनाव गोदाकाठच्या पुणतांब्याचे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हे या शास्त्राचे भारतभरचे प्रवेशद्वार; त्याची यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली. भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशाची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ साली काढली. आणि वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ ही परीक्षा दिल्यावर ती पदवी त्यांना इतकी चिकटली की, नुसते ‘तर्कतीर्थ’ म्हटले तरी महाराष्ट्रात दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नाही.

आता खुद्द तर्क. संपूर्ण शास्त्राला आपण तर्कशास्त्र म्हणतो, पण न्यायसूत्रांच्या यादीत तर्क आठवा आणि प्रमाणांमध्ये त्याला जागाच नाही. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे. तर्क त्यांचा मदतनीस. धूर असूनही आग नसेल तर, अशी शंका कोणी काढली की तर्क पुढे येतो : आग नसती तर धूरही नसता. ‘जर-तर’ची ही परीक्षा शंका दूर करते, स्वतः नवे ज्ञान देत नाही. वेदान्ताने तर त्याला आणखी खाली बसवले. तर्काला पक्का पाया नाही, आज एकाने बांधलेला उद्या दुसरा मोडतो, असा रोख ब्रह्मसूत्रांतही दिसतो. ज्ञानेश्वरांनी मात्र १२९०च्या आपल्या ग्रंथात, पहिल्या अध्यायाच्या आरंभीच, शास्त्रांचा गणपती उभा केला तेव्हा त्याच्या हाती तर्क म्हणूनच परशू दिला. विवेकाची सोंड केली आणि संवादाचा शुभ्र दात. तोडणारे हत्यार तर्काला, सरळपणा विवेकाला आणि उजळपणा संवादाला. या तीन शब्दांचे इतके अचूक वाटप नंतर क्वचितच कोणी केले असेल.

बोलीत तर्काचे अवमूल्यन झालेच. तर्कवितर्कांना उधाण येते ते माहिती नसते तेव्हा. ‘तर्कट’ म्हणजे आडमुठा, वाकडा विचार; तर्कटी माणूस कोणालाच नको असतो. तर्कशुद्ध आणि तर्कसंगत हे शब्द तेवढे अब्रू राखून आहेत. असेच दुसऱ्या दिशेनेही झाले, हे पाहिले म्हणजे योगायोग वाटत नाही. ‘कयास’ हा शब्द अरबीतून आला. अरबी तत्त्वज्ञांनी ॲरिस्टॉटलच्या संवाक्याला हाच शब्द वापरला, आणि इस्लामी धर्मशास्त्रात साम्यावरून निर्णय काढण्याच्या रीतीचे तेच नाव आहे. मराठीत येईपर्यंत कयासाचा झाला नुसता अंदाज. संस्कृतातला आणि अरबीतला, दोन्हीकडचे भारदस्त शब्द चावडीवर येऊन सारखेच हलके झाले.

पण चावडीवर अंदाजाला कमी लेखत नाहीत. त्याला किती नावे आहेत! अटकळ, अंदाज, कयास, आडाखा, ठोकताळा, होरा. होरा हा मूळचा ग्रीक शब्द, तासाचा. ज्योतिषातून आला आणि आता निवडणुकीत चुकतो. या साऱ्यांना क्रियापद कोणते लागते ते लक्षात घेण्यासारखे आहे. अटकळ, आडाखे, कयास, अंदाज हे बांधतात. तर्क बांधतात किंवा लढवतात. अनुमान आणि निष्कर्ष मात्र काढतात. जे बांधायचे ते आपले, आपल्याजवळच्या सामानातून उभे केलेले. जे काढायचे ते आधीच कशात तरी असले पाहिजे. ‘निष्कर्ष बांधला’ असे कोणी म्हणत नाही आणि ‘अटकळ काढली’ हे कानाला खटकते. शास्त्र न शिकलेल्या माणसाच्या जिभेनेही हा भेद पाळला आहे.

व्याकरणात तर यापेक्षा बारीक काम चालते. खिडकीत उजेड दिसला की मराठी माणूस म्हणतो, ‘तो घरी असेल’, ‘तो घरी असावा’, ‘तो घरी असणार’ किंवा ‘तो घरीच आहे’. चारही वाक्यांमागे उजेड एकच, पण प्रत्येकात खात्रीचे माप वेगळे. ‘असावा’ म्हणणारा खुणेवरून अनुमान काढतो आहे आणि चूक निघाली तर मागे यायला तयार आहे. ‘असणार’ म्हणणाऱ्याला त्याच्या सवयी ठाऊक आहेत. ‘तो घरी आहे म्हणे’ हे पाचवे वाक्य आले की सगळेच बदलते : बोलणाऱ्याने उजेड पाहिलेलाच नाही, कोणी तरी सांगितले तेवढे तो पुढे ढकलतो आहे आणि जबाबदारी घेत नाही. शब्दप्रमाणाला हवा असतो विश्वासू सांगणारा, आप्त. ‘म्हणे’मध्ये सांगणारा गायब असतो. फोनवर फिरणाऱ्या निरोपांपैकी कितींना हे दोन अक्षरांचे शेपूट लावायला हवे होते आणि ते कापून पुढे पाठवले गेले, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आणि ‘च’. संस्कृतात ‘एव’ या अव्ययावर बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने जे काम केले ते मराठीच्या एकाक्षरी ‘च’ला तंतोतंत लागू पडते. ‘पुणेकरच तिरकस बोलतात’, म्हणजे दुसरे कोणी बोलत नाही. ‘पुणेकर तिरकसच बोलतात’, म्हणजे सरळ कधी बोलत नाहीत. ‘पुणेकर तिरकस बोलतातच’, म्हणजे तसे घडते हे नाकारू नका. पहिले वाक्य नागपूरकराने खोडून काढावे, दुसरे एखाद्या सरळ बोलणाऱ्या पुणेकराने, तिसरे खोडायला कोणी पुढे येईल असे वाटत नाही. शब्द तेच, क्रमही तोच, ‘च’ची जागा तेवढी बदलली आणि तीन वेगवेगळी विधाने झाली. मराठी सभांत निम्मी भांडणे यातले एक विधान ऐकून दुसऱ्याला उत्तर देण्यातून होतात.

शास्त्राने दोषांना नावे दिली, लोकांनी त्यांना गोष्टी दिल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. संस्कृतातल्या काकतालीय न्यायात ताडाचे फळ पडते, मराठीने फांदी तोडली, पण मुद्दा एकच : एकापाठोपाठ घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नव्हे. नवस बोलला आणि मूल झाले, ताईत बांधला आणि ताप उतरला, सरकार बदलले आणि पाऊस पडला. बादरायण संबंध ही महाराष्ट्राची खास लाडकी संज्ञा. अनोळखी पाहुणा घरात शिरून यथेच्छ जेवतो आणि नाते विचारल्यावर सांगतो की, आमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आणि तुमच्या दारात बोरीचे झाड. असल्या नात्यावर उभे असलेले लेख आणि भाषणे आजही कमी नाहीत. असल्या दृष्टान्तरूपी न्यायांचा कर्नल जेकब या इंग्रज अधिकाऱ्याने केलेला संग्रह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघाला होता.

‘शितावरून भाताची परीक्षा’ आणि ‘सुतावरून स्वर्ग गाठणे’ या दोन म्हणी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींत थोड्यावरून पुष्कळाकडे उडी आहे, तरी पहिली शहाणपणाची आणि दुसरी टिंगलीची का? भात एका पातेल्यात, एका आचेवर, एकाच वेळी शिजलेला असतो; म्हणून एक शीत सगळ्यांची साक्ष देते. तळाचा करपला आणि वरचा कच्चा राहिला असेल तर वरचे शीत खोटे बोलेल. जनमत चाचण्या घेणाऱ्यांची सारी विद्या या एका अटीत आहे : शीत कुठून उचलले? एकाच गल्लीतल्या शंभर लोकांना विचारून राज्याचे मत सांगणे म्हणजे सूत आणि स्वर्ग. ‘नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही’ हे तरुणांचे रोजचे गाऱ्हाणे नैयायिकांनी ऐकले असते तर त्यांनी अन्योन्याश्रय म्हणून मान डोलावली असती; त्यांनाही नोकरी देता आली नसती.

वादाचे न्यायशास्त्राने तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी चाललेला तो वाद, जिंकण्यासाठी चाललेला तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता फक्त दुसऱ्याचे मोडत बसणे ही वितंडा. तिन्हींपैकी सन्मानाचा शब्द होता वाद. मराठीत नेमका तोच भांडणाचा झाला, ‘वाद नको’ म्हणत घरातली मोठी माणसे विषय मिटवू लागली, आणि चांगल्या अर्थासाठी चर्चा, संवाद, विचारविनिमय असे शब्द शोधावे लागले. वितंडवाद तेवढा टिकला. दूरचित्रवाणीच्या रात्रीच्या कार्यक्रमांनी त्याला पोटापाण्याला लावले. शब्दांचा कीस पाडणे, फाटे फोडणे, काथ्याकूट, चर्चेचे गुऱ्हाळ, मूळ मुद्द्याला बगल देणे, शेवटी मुद्द्यावरून गुद्द्यावर येणे, ही सगळी देशी परिभाषा निग्रहस्थानांच्या, म्हणजे वादात हार ठरवणाऱ्या चुकांच्या, यादीशेजारी ठेवली तर कुठेही उणी पडणार नाही. ‘मुद्दा’ही अरबी, त्याचा मूळ अर्थ ज्याचा दावा केला आहे ते. म्हणजे ‘मुद्द्याचे बोला’ असे सुनावणारा माणूस अरबीत प्रतिज्ञा मागतो आहे.

कोर्टकचेरीची मराठी अशीच दुपदरी आहे. सबब, दावा, शाबीत, फिर्याद एका बाजूला. युक्तिवाद, वादी, प्रतिवादी, निर्णय दुसऱ्या बाजूला. दीडशे वर्षे मराठी वकील ज्याला पुरावा अधिनियम म्हणत आले तो १८७२चा कायदा आता मागे पडला असून १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. बदल नुसता नावाचा वाटतो, पण मराठी कानाला पुरावा म्हणजे कागद, रक्ताचा डाग, मोजता येणारी वस्तू, आणि साक्ष म्हणजे पिंजऱ्यात उभा राहून बोलणारा माणूस. नव्या शब्दाला दोन्ही पेलावे लागणार आहे. ‘संशयाचा फायदा’ हाही असाच अवघडलेला शब्दप्रयोग. शास्त्रात संशय म्हणजे दोन शक्यतांमध्ये हेलकावणारे मन. अंधारात दिसते ते झाडाचे खोड की माणूस? मराठीत संशय माणसावर घेतात. त्यामुळे आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला असे छापून आले की वाचकाला वाटते, याच्यावर संशय आहेच. कोर्टाला म्हणायचे असते, शंकेला जागा उरली.

एकोणिसाव्या शतकात गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि धर्मग्रंथात आहे म्हणून मानायचे की बुद्धीला पटते म्हणून, हा झगडा मराठीत उघड्यावर आला. त्यातून शब्दप्रामाण्य आणि बुद्धिप्रामाण्य ही जोडी रूढ झाली. दोन्हींच्या पोटात गौतमाचे प्रमाण आहे. एका शतकानंतर, १९९० साली, दि. य. देशपांडे यांनी सुरू केलेले मासिक, जे पुढे ‘आजचा सुधारक’ म्हणून ओळखले गेले, त्याने विवेकवाद हा शब्द हट्टाने चालवला. विवेक म्हणजे वेगळे करणे, निवडणे. वेदान्तात नित्य आणि अनित्य निवडायचे, विवेकवादात खरे आणि खोटे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीने तो शब्द शाळांच्या फळ्यांपर्यंत पोचवला. चिकित्सेचेही तसेच. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर, मराठीत चिकित्सक म्हणजे तपासून पाहिल्याशिवाय न मानणारा, आणि भाजी घेतानाही तसाच वागणारा. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ती पुरी केली, तेव्हा शेकडो हस्तलिखिते ताडून कोणता पाठ घ्यायचा आणि का, हे श्लोकाश्लोकाला ठरवले गेले.

पाठ्यपुस्तकी परिभाषा मात्र एकमुखी नाही. अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्रात सर्वसामान्य नियमावरून विशिष्टाकडे येणे म्हणजे निगमन आणि उलट जाणे म्हणजे विगमन. शिक्षकांच्या अभ्यासक्रमात त्याच जोडीला अवगामी आणि उद्गामी पद्धती म्हणतात. हिंदीत विगमनाचे आगमन होते. विद्यार्थ्याने बारावीत एक शिकावे आणि डी.एड.ला दुसरे, हे सोयीचे नक्कीच नाही. ‘विधान’ या शब्दाने तर मोठी परीक्षा पाहिली. १९८३ साली पुण्यात तत्त्वचिंतक मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परंपरागत न्यायपंडित आणि विद्यापीठांतले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवले. बर्ट्रांड रसेलची विधानविषयक कल्पना पंडितांपुढे संस्कृतात ठेवली गेली आणि पंडितांची अडचण पहिल्याच पायरीवर सुरू झाली : वाक्य समजते, वाक्यातून होणारे ज्ञान समजते, पण दोहोंच्या मध्ये हे तिसरे काय? खरे-खोटेपण ज्ञानाला असते, असे त्यांचे शास्त्र सांगत होते. ही चर्चा पुढे ‘संवाद’ या नावाने १९९१ साली ग्रंथरूपाने निघाली. मराठी वृत्तपत्रांना ही अडचण कधी आली नाही. त्यांच्याकडे विधान एकच प्रकारचे असते, वादग्रस्त.

कॉलेजातली मुले यातले काहीच म्हणत नाहीत. ‘यात काय लॉजिक आहे?’ एवढ्यावर त्यांचे भागते. शुद्धलेखनवाल्यांनी त्यावर नाक मुरडू नये. चांगल्या मराठीत याच प्रश्नाला पूर्वी ‘अक्कल आहे का?’ असे म्हणत, आणि अक्कलही अरबीच. शिवाय अक्कल विचारली की माणसाचा अपमान होतो, लॉजिक विचारले की म्हणणे तपासले जाते. प्रश्न माणसावरून म्हणण्यावर आला, ही सुधारणाच झाली.

वर्तमानपत्रे आणि वाहिन्या यांनी मात्र थोडा हात आखडता घ्यावा. हवामान खाते अंदाज वर्तवते आणि अंदाजच म्हणते. महापालिका आपले अंदाजपत्रक मांडते आणि त्या नावातच कबुली असते. मतदानोत्तर चाचण्यांनाही मराठी पत्रकार बहुधा अंदाज म्हणतात, हे उत्तमच. घोटाळा होतो तो ‘निष्कर्ष’ आणि ‘सिद्ध’ या दोन शब्दांत. एखाद्या पाहणीत कॉफी पिणारे अधिक जगले असे आढळले की मथळ्यात ‘सिद्ध झाले’ येते, आणि पोलिसांनी प्राथमिक तपासात बांधलेली अटकळ दुसऱ्या दिवशी निष्कर्ष म्हणून छापली जाते. पहिल्या ठिकाणी ‘आढळले’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘संशय आहे’ एवढे लिहिले तरी बातमीचे काही बिघडत नाही. संपादकांनी टेबलावर येणाऱ्या प्रत्येक ‘निष्कर्षा’पुढे हेतू विचारावा, गौतमाच्या अर्थाने, आणि वाचकांनी तो बातमीत सापडला नाही तर पत्र लिहून मागावा.